नाच थांबल्यावर दालनाचं काय करायचं? बाथच्या असेंब्ली रूम्सचं प्रकरण

हे प्रकरण का निवडलं

जुन्या वास्तूंबद्दलचे आपल्याकडचे वाद बहुतेक वेळा एकाच प्रश्नाभोवती फिरतात: पाडायची की राखायची? राखायचं ठरलं की लढाई जिंकली असं समजून सगळे घरी जातात. माझ्या मते खरी अडचण तिथून पुढे सुरू होते. राखलेल्या त्या वास्तूत उद्या सकाळपासून नेमकं काय चालणार? तिचं भाडं कोण भरणार, कौलं कोण बदलणार, छताला तडा गेला तर शिडी लावून वर कोण चढणार?

इंग्लंडमधल्या बाथ शहरातल्या असेंब्ली रूम्स १७७१ मध्ये उघडल्या. श्रीमंत, हौशी लोकांनी जमावं, नाचावं, पत्ते खेळावेत, चहा घ्यावा, एवढ्याचसाठी त्या बांधल्या होत्या. पुढच्या अडीचशे वर्षांत ही इमारत हळूहळू ओस पडली, तिचं सिनेमाघर झालं, विकत घेऊन तिचा जीर्णोद्धार झाला, ती जळाली, पुन्हा उभी राहिली आणि २०२३ मध्ये पुन्हा "आता इथे काय?" या प्रश्नापाशी आली. प्रत्येक वळणावर कुणीतरी निर्णय घेतला होता, किंवा घ्यायचा राहून गेला होता.

पार्श्वभूमी

बाथला गरम पाण्याचे झरे आहेत. रोमन लोकांनी त्यांवर स्नानगृहं बांधली होती. अठराव्या शतकात डॉक्टर रोग्यांना ते पाणी प्यायला आणि त्यात बसायला पाठवू लागले. रोग्यांबरोबर धडधाकट नातेवाईक आले, नातेवाईकांबरोबर उपवर मुली आल्या, आणि मुली आल्या म्हटल्यावर स्थळंही आली. दिवसा पाणी आणि संध्याकाळी करमणूक, असा त्या गावाचा हंगाम चालायचा. बो नॅश नावाच्या गृहस्थांनी त्याला शिस्त लावली. नाच संध्याकाळी सहाला सुरू व्हायचा आणि अकराच्या ठोक्याला थांबायचा, समोर कितीही मोठा सरदार नाचत असला तरी. नॅश १७६१ मध्ये वारले, पण त्यांचे नियम पुढेही चालू राहिले.

'असेंब्ली' म्हणजे अशी संध्याकाळ. ती कुणाच्या घरची मेजवानी नसे, वर्गणी भरून तिकीट घेतलं की प्रवेश मिळे. 'सार्वजनिक' हा शब्द इथे जपूनच घ्यायला हवा, कारण ज्याच्याकडे वर्गणीचे पैसे आणि अंगावर योग्य कपडे नाहीत त्याच्यासाठी हे दार नव्हतंच. तरीही एका श्रीमंताच्या दिवाणखान्यापेक्षा ही जागा मोकळी होती, आणि हाच मोकळेपणा तिचं आकर्षण होता.

जुनी सभागृहं गावाच्या खालच्या भागात, नदीजवळ होती. १७६०च्या दशकात वस्ती टेकडीवर चढू लागली, सर्कस ही गोलाकार घरांची ओळ पूर्ण झाली, आणि वरच्या लोकांना आपल्याजवळ सभागृह हवंसं वाटू लागलं. रॉबर्ट अॅडम या नामांकित वास्तुविशारदाने केलेला आराखडा फार खर्चाचा म्हणून नाकारला गेला. काम मिळालं जॉन वूड यांना. वडिलांचंही नाव तेच असल्यामुळे त्यांना धाकटे वूड म्हणतात.

पैसा ज्या पद्धतीने उभा राहिला ती समजायला मराठी वाचकाला अवघड जाऊ नये. तिला 'टाँटीन' म्हणतात, लोरेन्झो दे तोंती या इटालियन सावकाराच्या नावावरून. आपल्या भिशीसारखेच सगळे सभासद पैसे घालतात आणि उत्पन्न वाटून घेतात. फरक असा, की एक सभासद मेला की त्याचा वाटा उरलेल्यांत वाटला जातो, आणि शेवटी जो जिवंत राहतो त्याच्याकडे सगळं येतं. १७६९च्या एप्रिलपर्यंत १४,००० पौंड असे जमले, एकूण खर्च २०,००० पौंडांच्या पुढे गेला. पायाचा दगड मे १७६९ मध्ये बसला आणि ३० सप्टेंबर १७७१ रोजी दारं उघडली.

इमारतीची रचना नीट डोळ्यांसमोर आणायला हवी, कारण पुढचे सगळे प्रश्न तिच्यातूनच निघाले. एका बाजूला बॉलरूम, म्हणजे नाचाचं दालन, सुमारे १०५ फूट लांब, ४३ फूट रुंद आणि उंचीला जवळजवळ रुंदीइतकंच. दुसऱ्या बाजूला टी रूम, तिच्या एका टोकाला दुमजली खांबांची ओळ. दोन्हींच्या मध्ये अष्टकोनी दालन, ते सुरुवातीला पत्ते खेळण्यासाठी होतं. १७७७ मध्ये पत्त्यांसाठी वेगळी खोली जोडली गेली. बाहेरून इमारत अगदी साधी. बॉलरूमच्या खिडक्या मुद्दाम खूप वर ठेवल्या होत्या, रस्त्यावरून कुणी डोकावू नये म्हणून. आठशे ते बाराशे माणसं एका रात्री जमायची. एवढ्यांचा श्वास आणि मेणबत्त्यांची धग वर जायला जागा मिळावी म्हणून छतही तेवढंच उंच.

इमारत इंग्लंडची असली तरी तिथे फिरलेल्या पैशात आणि कापडात आपल्या उपखंडाचा हिस्सा होता. ईस्ट इंडिया कंपनीत हात ओले करून परतलेले कितीतरी लोक बाथला यायचे. खुद्द रॉबर्ट क्लाइव्हचं घर सर्कसमध्ये होतं, सभागृहांपासून चालत काही मिनिटांवर. आणि शतकाच्या अखेरीस झुंबरांखाली जे पांढरे, झुळझुळीत झगे फिरायचे, त्यांतली उत्तम मलमल बंगालची असायची. ढाक्याच्या विणकराला या दालनाचं नावही माहीत नसेल. या इमारतीचा इतिहास सांगताना त्याची आठवण ठेवणं मला गरजेचं वाटतं.

पहिला पेच: झुंबरं

इमारत उघडून काही आठवडेही झाले नसतील, तोवर बॉलरूममधल्या एका नव्या झुंबराची काचेची फांदी तुटून खाली आली. थॉमस गेन्सबरो हा चित्रकार तेव्हा सर्कसमध्येच राहायचा. त्या संध्याकाळी तो दालनात होता आणि थोडक्यात बचावला.

झुंबरं जोनाथन कॉलेट या लंडनच्या कारागिराची होती. चालकांपुढे सोपा मार्ग होता: तुटलेली फांदी बसवा, गाजावाजा होऊ देऊ नका, हंगाम चालू ठेवा. त्यांनी तसं केलं नाही. टी रूममध्ये विल्यम पार्करने केलेली तीन झुंबरं होती आणि ती व्यवस्थित टांगून होती. म्हणून बॉलरूमसाठीही पार्करकडूनच पाच नवी करून घेतली. प्रत्येकात चाळीस मेणबत्त्या, म्हणजे एका दालनात दोनशे ज्योती. कॉलेटची जुनी झुंबरं मात्र फेकली नाहीत. त्यांच्यातले चांगले भाग निवडून एक मोठं झुंबर जुळवलं आणि ते अष्टकोनी दालनात लावलं.

या छोट्या प्रसंगावर मी मुद्दाम थांबलो आहे. धोका दिसताच मुळावर घाव घालणं, ते करताना जे चांगलं आहे ते वाया न घालवणं, आणि हे सगळं ऐन हंगामात करणं. पुढच्या अडीचशे वर्षांत इतका स्वच्छ निर्णय या इमारतीच्या वाट्याला क्वचितच आला.

समस्या: माणसं येईनाशी झाली

जेन ऑस्टिन १८०१ ते १८०६ बाथमध्ये राहिली, आणि तिच्या कादंबऱ्यांमुळे या दालनांची ओळख जगभर पोचली. पण तिच्या मुक्कामापर्यंत बाथचा बहर ओसरू लागला होता. राजपुत्राने ब्रायटनला समुद्रकाठी मुक्काम ठोकला, तशी फॅशन तिकडे वळली. बाथमध्ये निवृत्त अधिकारी आणि विधवा स्थायिक होऊ लागल्या. प्रतिष्ठित लोक तिकिटाच्या गर्दीपेक्षा घरच्या निमंत्रितांत रमू लागले. १८२० मध्ये खालची जुनी सभागृहं आगीत गेली. एकुलती एक प्रतिस्पर्धी संस्था संपली, तरी वरच्या सभागृहांना पुन्हा उभारी आली नाही. म्हणजे अडचण स्पर्धेची नव्हतीच. ज्या प्रकारच्या संध्याकाळीसाठी घर बांधलं होतं, ती संध्याकाळच लोकांच्या आयुष्यातून जात होती.

एकोणिसाव्या शतकात मैफली झाल्या, व्याख्यानं झाली, चार्ल्स डिकन्सने येऊन जाहीर वाचन केलं. अशा कार्यक्रमांनी दालनं अधूनमधून भरत, पण एवढ्या मोठ्या छताचा आणि शेकोट्यांचा रोजचा खर्च अधूनमधूनच्या मिळकतीत कसा भागणार?

१९२१ मध्ये बॉलरूमचं सिनेमाघर झालं. टी रूममध्ये लिलाव आणि विक्री होऊ लागली.

वारसाप्रेमी लेखनात या टप्प्याचं वर्णन नेहमी अधःपात म्हणून केलं जातं. मला ते पटत नाही. लांबलचक दालन, मध्ये एकही खांब नाही, खिडक्या इतक्या वर की झाकल्या की काळोख. नाचासाठी केलेली हीच रचना सिनेमाला आयती मिळाली. चालू सिनेमाघराच्या छताकडे मालकाचं लक्ष असतं, कारण गळती लागली तर प्रेक्षक तिकीट काढत नाहीत. रिकाम्या इमारतीची गळती पावसाळा सरल्यावर कळते. या निर्णयातला खरा दोष वेगळा होता: इमारतीत काय बदलायचं आणि काय बदलायचं नाही, हे सांगणारं कुणीच नव्हतं. वापर ठरवणारा एकटा बाजार होता.

१९३१: कुणाच्या नावावर?

१९३१ मध्ये इमारत विकत घेतली गेली. खरेदी जुन्या इमारतींच्या संरक्षणासाठी १८७७ पासून काम करणाऱ्या सोसायटीने केली आणि पैसे दिले अर्नेस्ट कुक यांनी. थॉमस कुक या प्रवासी कंपनीच्या संस्थापकाचे ते नातू. कंपनी १९२८ मध्ये विकून आलेला पैसा ते वास्तू, जमिनी आणि चित्रं यांवर खर्च करत होते. खरेदीनंतर मालकी नॅशनल ट्रस्ट या वारसास्थळं जपणाऱ्या ब्रिटिश संस्थेकडे गेली आणि ट्रस्टने ती इमारत बाथच्या नगरपालिकेला भाड्याने दिली.

इथे तीन भूमिका तीन हातांत गेल्या. पैसा एकाचा, मालकी दुसऱ्याची, कारभार तिसऱ्याचा. दाता वारला तरी इमारत त्याच्या वारसांच्या भांडणात सापडणार नव्हती. नगरपालिकेत माणसं बदलली तरी ती विकली जाणार नव्हती. मालक संस्थेला रोज दारं उघडण्याची, झाडलोटीची, कार्यक्रम ठरवण्याची चिंता नव्हती. आपल्याकडच्या कितीतरी वाड्यांच्या आणि नाट्यगृहांच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी एकाच खुर्चीत असतात, आणि खुर्ची रिकामी झाली की तिन्ही अडतात.

याची किंमतही होती. भाडेकरू आणि मालक दोघेही सज्जन असले, तरी मोठ्या दुरुस्तीच्या वेळी "हे काम कोणाचं?" हा प्रश्न उठतोच. आणि भाडेपट्टा कधीतरी संपतो. त्याचं पुढे काय झालं ते येईलच.

मोब्रे ग्रीन या वास्तुविशारदाच्या देखरेखीखाली जीर्णोद्धार झाला आणि १९३८च्या ऑक्टोबरमध्ये डचेस ऑफ केंट यांच्या हस्ते इमारत पुन्हा उघडली. बॉलरूममध्ये पुन्हा झुंबरांखाली लोक जमू लागले.

१९३९: उतरवायची की राहू द्यायची

वर्ष उलटायच्या आत युद्ध सुरू झालं, आणि या साऱ्या प्रकरणातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा निर्णय तेव्हा घेतला गेला. झुंबरं उतरवून सुरक्षित ठेवली गेली.

त्या क्षणी हे सोपं नव्हतं. दालन नुकतंच सजलं होतं. इतकी वर्षं झटून मिळवलेली शोभा स्वतःच्या हातांनी उतरवायची, तीही बाथसारख्या गावात, जिथे बंदर नाही, बॉम्ब पडायचं ठळक कारण दिसत नव्हतं. शेकडो काचेचे तुकडे सुटे करायचे, प्रत्येक कुठला ते लक्षात राहील असे गुंडाळायचे, पेट्यांत भरायचे. या कामात एखादी फांदी फुटलीच, तर लोक म्हणणार की बॉम्ब पडला नाही, तुम्हीच फोडलीत. टांगती राहू देण्यात जबाबदारी कुणावर येत नव्हती. उतरवण्यात येत होती. तरी उतरवली.

एप्रिल १९४२

मार्चच्या अखेरीस ब्रिटिश विमानांनी ल्युबेक हे जर्मन गाव जाळलं, एप्रिलमध्ये रोस्टॉक. त्याचा सूड म्हणून जर्मन हवाई दलाने इंग्लंडमधली जुनी, सुंदर शहरं निवडली. प्रवाशांसाठीच्या 'बेडेकर' या प्रसिद्ध जर्मन मार्गदर्शक पुस्तकांवरून या हल्ल्यांना 'बेडेकर हल्ले' हे नाव पडलं. एक्सेटर, बाथ, नॉरिच, यॉर्क, कँटरबरी. ज्या सौंदर्यामुळे ही गावं जपली गेली होती, त्याच सौंदर्यामुळे ती लक्ष्य ठरली.

२५ एप्रिलच्या रात्री आणि पुढच्या रात्री बाथवर बॉम्ब पडले. चारशेहून अधिक माणसं मेली. १९,०००हून अधिक इमारतींना झळ पोचली. असेंब्ली रूम्सवर आगलावे बॉम्ब पडले. असे बॉम्ब कौलं फोडून छतात अडकतात आणि लाकडाच्या कैच्यांना आतून आग लावतात. छत पेटलं की ते खाली येतं आणि जे काही जमिनीवर आहे तेही पेटवतं. सकाळी दगडी भिंती उभ्या होत्या. आतला गिलावा, लाकूड, छत, नक्षी, सगळं गेलं होतं. साडेतीन वर्षांपूर्वीचा जीर्णोद्धार एका रात्रीत राख झाला.

झुंबरं पेट्यांत होती.

पुढे काय: शक्य असलेले मार्ग

अशा वेळी मोकळे असलेले रस्ते त्या काळातल्या इतर उदाहरणांवरून स्पष्ट दिसतात.

अवशेष तसेच ठेवून शेजारी नवं बांधायचं, हा एक. कॉव्हेन्ट्रीचं कॅथीड्रल नोव्हेंबर १९४० मध्ये जळालं. तिथे जुन्या भिंती आकाशाखाली तशाच ठेवल्या आणि बेसिल स्पेन्स यांचं नवं कॅथीड्रल १९६२ मध्ये शेजारी उभं राहिलं. प्रार्थनास्थळाला हे शोभलं, कारण शोक हा प्रार्थनेचा भागच आहे. नाचण्यासाठी बांधलेल्या घराचं स्मारक करणं मात्र त्याच्या स्वभावाविरुद्ध गेलं असतं.

जुन्या कवचात आधुनिक दालन बसवायचं, हा दुसरा. प्रामाणिकपणाच्या दृष्टीने हा सर्वांत सरळ मार्ग. आजच्या संवर्धनाच्या विचारात त्याला मान आहे, आणि मला व्यक्तिशः त्याचं आकर्षण वाटतं.

तिसरा म्हणजे जसं होतं तसं पुन्हा. लंडनमध्ये हाउस ऑफ कॉमन्सचं जळालेलं सभागृह १९५० मध्ये जुन्याच आकारात उभं केलं गेलं, कारण चर्चिल यांचा त्याबद्दल आग्रह होता.

आणि कुणी मोठ्याने म्हणो न म्हणो, चौथाही होता: हजारो घरं मोडलेली असताना नाचाच्या दालनावर विटा, लाकूड, मजूर कशाला खर्चायचे?

निवडला गेला तिसरा. माझ्या मते त्यामागे तीन गोष्टींचं वजन होतं. भिंती शाबूत होत्या. नुकताच जीर्णोद्धार झालेल्या इमारतीची मोजमापं आणि तपशील मिळण्याची शक्यता जास्त असते. आणि झुंबरं होती. आठ फुटांच्या आसपास उंचीची, दीडशेहून अधिक वर्षं एका विशिष्ट दालनात टांगलेली झुंबरं दुसरीकडे कुठे लावणार? त्यांना तीच उंची, तीच लांबी, तेच छत हवं. १९३९ मध्ये पेट्यांत काच भरणाऱ्यांनी नकळत १९६३ चं दालन ठरवून टाकलं होतं, असं मी मानतो.

चौथ्या मार्गाचं म्हणणंही पूर्ण नाकारलं गेलं नाही. काम लांबलं, फार लांबलं. युद्धानंतर ब्रिटनमध्ये बांधकामावर परवान्यांचं बंधन १९५४ पर्यंत होतं आणि घरांना प्राधान्य होतं. जळालेल्या दिवसापासून पुन्हा उघडेपर्यंत एकवीस वर्षं गेली. या विलंबाबद्दल मी कुणाला दोष देणार नाही. आधी लोकांच्या डोक्यावर छप्पर, मग बॉलरूमच्या, हा क्रम बरोबरच होता.

काय केलं गेलं

पुनर्बांधणी सर अल्बर्ट रिचर्डसन यांच्याकडे होती. अंतर्गत सजावट ऑलिव्हर मेसल यांनी केली. मेसल मूळचे रंगभूमीचे नेपथ्यकार. ही निवड विचार करायला लावते. नेपथ्यकाराला माहीत असतं की प्रेक्षकाला 'तो काळ' कसा भासायला हवा. तो काळ प्रत्यक्ष कसा होता, हा वेगळा प्रश्न आहे. १९६३ ची दालनं म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्याने कल्पिलेलं अठरावं शतक. ते देखणं होतं, पण पाहणाऱ्याला हा फरक कुणीतरी सांगायला हवा.

वापराचं उत्तरही या वेळी इमारतीबरोबरच आलं. डोरिस लँगली मूर यांनी जमवलेला जुन्या पोशाखांचा मोठा संग्रह बाथ शहराला दिला आणि त्याचं पोशाख संग्रहालय इथे १९६३ मध्ये उघडलं. कल्पना फारच नेमकी होती. जिथे माणसं नटून येत, तिथे त्यांचे कपडे. २००७ मध्ये त्याचं नाव फॅशन म्युझियम झालं.

पण संग्रहालय गेलं तळघरात. वरची दालनं समारंभांना, मैफलींना, लग्नांना भाड्याने देता यावीत म्हणून मोकळी राहिली. कपड्यांना उजेड सोसत नाही. जुन्या वस्त्रांवर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे प्रकाश मोजण्याचं एकक) जास्त प्रकाश पडू देत नाहीत, त्यामुळे खिडक्या नसलेलं तळघर एका अर्थी सोयीचं. तरी वर झुंबरांचं रिकामं दालन आणि खाली मंद दिव्यात काचेमागचे झगे, या दोहोंत एक जिना आणि मोठं अंतर राहिलं. पाहुणा दोन्ही पाहायचा, पण त्या झग्यातली बाई त्या दालनात नाचत होती हे त्याला स्वतःच जोडून घ्यावं लागायचं.

तुलनेसाठी यॉर्ककडे पाहावं. तिथल्या असेंब्ली रूम्स बाथच्याही आधीच्या, लॉर्ड बर्लिंग्टन यांच्या आराखड्याच्या, १७३० च्या दशकातल्या. तिथे उपाहारगृह आलं. खांबांच्या त्या भव्य रांगेत लोक रोज जेवायला बसू लागले. वारशाची जाण थोडी पातळ झाली असेल, पण लोक जमून बोलण्याची, खाण्यापिण्याची मूळ चाल चालू राहिली. कोणतं उत्तर जास्त बरोबर, याबद्दल माझं मत अनेकदा बदललं आहे. आज मी यॉर्ककडे थोडा झुकतो.

परिणाम

हिशेब एकसुरी नाही. इमारत उभी आहे, नऊ मूळ झुंबरं तिच्यात आहेत, आणि बाथ शहर १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहे. वस्त्रांचा तो संग्रह तिथल्या तळघरात साठ वर्षांच्या आसपास लोकांसमोर राहिला.

दुसऱ्या बाजूला, पुनर्बांधणीला पंचवीस वर्षं होतात न होतात तोच, १९८०च्या दशकाच्या अखेरीस, बॉलरूमच्या छताचा गिलावा कोसळला आणि पुन्हा मोठं काम काढावं लागलं. नवं छत म्हणजे निर्धोक छत असं आपण गृहीत धरतो. जुन्या छताला सगळे जपतात, तडे मोजतात. नवं केलेलं छत मात्र कुणी बघत नाही.

आणि मग नॅशनल ट्रस्टने भाडेपट्टा मध्येच संपवण्याचं त्यातलं कलम वापरून इमारत परत मागितली. २०२२च्या अखेरीस संग्रहालय बंद झालं, मार्च २०२३ मध्ये इमारत नगरपालिकेकडून नॅशनल ट्रस्टकडे परत गेली. संग्रहालयासाठी शहरातल्या जुन्या टपाल कार्यालयाची जागा ठरली, पण ती तयार होण्याआधीच तेव्हाची जागा सोडावी लागली. कपडे गोदामात गेले.

वेगळं काय करता आलं असतं

भाडेपट्टा कधीतरी संपणार, मुदतीआधीही संपू शकतो, हे पट्टा लिहिला त्या दिवशीच ठरलेलं असतं. म्हणून संग्रहालयाचं नवं घर उघडणं आणि जुनं सोडणं यांच्यात मोकळी जागा राहणं मला या सगळ्या प्रकरणातली टाळता येण्यासारखी चूक वाटते. बॉम्ब टाळता आला नसता, ही गोष्ट टाळता आली असती. पट्ट्यातच अट घालता येते: नवी जागा तयार झाल्याशिवाय संग्रह हलणार नाही, आणि मुदतीच्या दहा वर्षं आधी दोन्ही बाजू टेबलाशी बसतील.

१९६३ मध्ये एखादा झगा तरी वर, बॉलरूममध्ये ठेवायला हवा होता. वर्षातले काही आठवडे, खिडक्या झाकून, मंद उजेडात. समारंभांचं भाडं तेवढ्या काळापुरतं बुडालं असतं. पण दालनाने आणि कपड्याने एकमेकांना ओळख दिली असती, आणि कदाचित साठ वर्षांनी दोघांची ताटातूट इतकी सहज झाली नसती.

पुनर्बांधणी संपली त्या दिवशी छताच्या तपासणीचं वेळापत्रक सुरू व्हायला हवं होतं. झुंबराची एक फांदी तुटताच पूर्ण झुंबरं बदलणारी इमारत होती ती. तिच्याच छताला गिलावा पडेपर्यंत वाट पाहावी लागू नये. गिलाव्याखाली हाताने ठोकून पोकळ आवाज येतो का पाहणं, वरच्या माळ्यावरून लाकूड आणि ओल तपासणं, हे काम शिडी, हातोडी आणि अनुभवी गवंडी एवढ्यावर होतं. आपल्या गावातल्या टाउन हॉलचं किंवा नाट्यगृहाचं छत कुणी कधी असं ठोकून पाहिलं होतं, हे तिथल्या व्यवस्थापकाला विचारून बघा.

२०२३ मध्ये इमारत मालकाच्या हातात आली, दालनं मोकळी झाली, आणि १९२१ मध्ये होता तोच प्रश्न पुन्हा समोर आला. फरक एवढाच की या वेळी उत्तर बाजारावर सोडायची गरज नाही. जॉर्जियन काळ, म्हणजे ही दालनं बांधली गेली तो जॉर्ज नावाच्या राजांचा काळ, समजावून सांगणारं प्रदर्शन तिथे होणं स्वाभाविक आहे आणि ते चांगलं होईल. माझी इच्छा एवढीच की आठवड्यातली एक संध्याकाळ तरी प्रदर्शनाला न देता राखून ठेवावी. तिकीट परवडेल इतकं, वाद्यवृंद खऱ्या माणसांचा, आणि अकराला थांबायचं. बाथमध्ये आज जगभरातली माणसं राहतात, बंगाली आहेत, मराठीही असतील. ढाक्याच्या मलमलीने ज्या भिंतींच्या आत गिरक्या घेतल्या, तिथे त्यांच्या मुलांना तिकीट काढून आत जाता यावं.